बर्फावर पहिलं पाऊल कुठं टाकायचं?

आज अख्खी दुपार नांदेडच्या घरात कूलरसमोर नकाशा पसरून बसलो. बाहेर उन्हाचा नुसता जाळ आणि आम्ही बाप-लेक बोलतोय बर्फाचं! लेकीला येत्या हिवाळ्यात स्कीइंग शिकायचंय.

तिचं मन उत्तराखंडातल्या औलीवर. उतारावरून समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी दिसते, चढही नवख्यांना झेपणारा. मलाही तेच आवडलं होतं. पण तिथल्या बर्फाचा भरवसा राहिलेला नाही. २०२३ मध्ये बर्फाअभावी औलीतल्या स्पर्धा रद्द झाल्या, आणि त्याच वर्षी खाली जोशीमठात घरांना तडे गेले. लोक घर सोडून निघालेले, ते आठवलं की अजून पोटात कालवतं. मनालीजवळच्या सोलंगला उतार छोटा आणि गर्दी फार, ते लगेच बाजूला ठेवलं.

राहिलं गुलमर्ग. गाव साधारण २,६५० मीटरवर, त्यामुळं बर्फ जास्त टिकतो. गोंडोला, म्हणजे केबल कार, थेट अफरवाट डोंगराच्या खांद्यापर्यंत नेतो, पण तिथं हिमकडे कोसळण्याचा धोका असतो, ते उतार मुरलेल्यांचे. लेकीला मी बजावून सांगितलं, आपण खालच्या मैदानातच शिकायचं, तेही प्रशिक्षकासोबतच.

ठरलं तर मग, फेब्रुवारी. सचखंड एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथून विमानानं श्रीनगर, पुढं पन्नासेक किलोमीटर गाडीनं. आई म्हणाली, "लेकराला दोन स्वेटर जास्तीचे घे." लेक मात्र आजपासूनच गुडघ्यांचा व्यायाम करायला लागलीय.

कुणी नुकतंच जाऊन आलं असेल तर जरूर सांगा.