तीन खाचा दक्षिणेला, दोन पूर्वेला

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या रॉलिन्स गावाच्या आसपासचा जमिनीचा नकाशा उघडला की एक चौकोन पिवळा, शेजारचा पांढरा, परत पिवळा, परत पांढरा असं मैलोन्‌मैल चालू राहतं. पिवळे सरकारचे, पांढरे खासगी. इथे याला चेकरबोर्डच म्हणतात. १८६२च्या कायद्याने आणि १८६४च्या दुरुस्तीने युनियन पॅसिफिक रेल्वेला रुळांच्या दोन्ही अंगांना वीस-वीस मैलांपर्यंत एकाआड एक चौरस मैल जमीन मिळाली. विषम नंबरचे तुकडे रेल्वेला, सम नंबरचे सरकारकडे. रेल्वेने आपले बरेचसे तुकडे पुढे मेंढीवाल्यांना, गुरंवाल्यांना विकले. एकेक तुकडा ६४० एकरांचा. सरकारी तुकडा दुसऱ्या सरकारी तुकड्याला भेटतो तो फक्त कोपऱ्याला. मध्ये बांध नाही, पाणंद नाही, नुसता एक बिंदू.

हे बिंदू शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. मी इथल्या एका सर्व्हे कंपनीत आहे. वडील माण तालुक्यात भूकरमापक होते, त्यामुळे हद्दीवरून दोन शहाणी माणसं काय थराला जातात हे मी लहानपणीच पाहिलेलं. इथे फरक एवढाच की भांडणाऱ्यांकडे रायफली असतात. अर्थात त्या भांडणासाठी नसतात, शिकारीसाठी असतात.

आधी थोडं कोर्टाचं सांगतो, नाहीतर त्या दिवशी एका दगडाला एवढं महत्त्व का आलं ते कळणार नाही. याच कार्बन काउंटीत एल्क माउंटन म्हणून डोंगर आहे. २०२० आणि २०२१ मध्ये मिसूरीहून आलेले शिकारी तिथे सरकारी तुकड्यातून सरकारी तुकड्यात कोपऱ्यावरून ओलांडून गेले. पहिल्या वर्षी कोपऱ्यावर मालकाने दोन खांब आणि मध्ये साखळी लावलेली, ते खांबाला धरून पलीकडे वळसा घेऊन उतरले. दुसऱ्या वर्षी लोखंडी शिडीच घेऊन आले. खासगी जमिनीला पाय लावला नाही. मालकाचं म्हणणं, जमिनीवरची हवासुद्धा माझी. फौजदारी खटल्यात २०२२ मध्ये ज्यूरीने चौघांना सोडलं. दिवाणी दाव्यात नुकसानभरपाईची मागणी काही दशलक्ष डॉलर्सची होती, तीही टिकली नाही. मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील कोर्टाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यात आधार होता १८८५च्या एका कायद्याचा, सरकारी जमिनीची वाट अडवू नये म्हणून केलेल्या. ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि निकाल पक्का झाला. कोपरा ओलांडा, पण खासगी जमिनीला स्पर्श करू नका.

वडिलांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, “मग तहसीलदाराकडे अर्ज का करत नाहीत? कलम १४३ आहे की, बांधावरून रस्ता देतो तो.” त्यांना सांगितलं की इथे उलटं झालंय. सेमिनो तलावाकडे जाणारा रस्ता सरकारनेच एका मेंढी कंपनीच्या तुकड्यांवरून काढला, तेव्हा १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारलाच सांगितलं की असा वहिवाटीचा हक्क तुम्ही राखून ठेवलेला नाही. तोही खटला याच काउंटीतला. वडील थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “फार अवघड देश आहे.”

निकाल पक्का झाल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात एका मेंढीवाल्या मालकीणबाईंचा ऑफिसात फोन आला. सत्तरीच्या पुढच्या, तिसऱ्या पिढीच्या. तक्रार अशी की कायोटी मारायला येणारे दोघं आपल्या कोपऱ्यावरून चुकीच्या बाजूने गेले. बर्फात बुटांचे ठसे आहेत, शेरीफच्या डेप्युटीला बोलावलं तर तो म्हणतो, कोपरा नक्की कुठे आहे ते आधी दाखवा.

कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान. वायोमिंगच्या कायद्यात तो उपद्रवी शिकारी प्राणी, त्यामुळे लायसन लागत नाही, हंगाम नाही, किती मारायचे त्याला मर्यादा नाही. एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला परवाना काढावा लागतो, त्यामुळे कोण आलं-गेलं याची कुठेतरी नोंद असते. कायोटीवाले जानेवारी-फेब्रुवारीत येतात, कारण तेव्हा कातडं दाट असतं. कुणाला सांगून यायचं कारणच नसतं. पूर्वी कातड्याला बरा भाव होता, जाकिटांच्या टोप्यांना ती फर लागायची. कॅनडा गूज या जाकीट कंपनीने २०२१ मध्ये फर बंद करायचं जाहीर केलं, बाकीच्यांनीही हात आखडते घेतले, भाव उतरला. तरी लोक येतातच. थंडीत दुसरं काय करणार, हा वायोमिंगमधला पुष्कळ गोष्टींमागचा खुलासा आहे.

मी आणि माझे साहेब सकाळी निघालो. साहेब लायसनधारक सर्व्हेअर, सही त्यांची चालते. बाईंनी आपल्या जमिनीतून गाडी न्यायला परवानगी दिली होती. त्या स्वतः पिकअप घेऊन पुढे, मागच्या हौद्यात कुत्रा. कोपऱ्यावर एक जुना लाकडी खांब होता, त्यावर ‘आत येऊ नये’ची गंजकी पाटी. बाई म्हणाल्या, “हा कोपरा. माझ्या वडिलांनी ठोकला.” ठशांचा माग खांबाच्या दक्षिणेकडून गेलेला. बाईंच्या मते उत्तरेकडून गेले असते तर चाललं असतं. फोनवरच्या जमिनीच्या नकाशाच्या ॲपमध्येही चार तुकड्यांच्या रेषा खांबाच्या आसपासच मिळत होत्या.

ॲपमधल्या त्या रेषांबद्दल मला नेहमी एक सांगावंसं वाटतं. त्या काउंटीच्या करवसुलीच्या नकाशावरून येतात. कर कुणाकडून घ्यायचा हे कळण्यापुरत्या त्या ठीक असतात, पाय कुठे ठेवायचा यासाठी कुणी काढलेल्या नसतात. त्यात फोन स्वतःच मोकळ्या आकाशाखालीसुद्धा पाचेक मीटर इकडेतिकडे करतो.

खरा कोपरा म्हणजे मूळ सर्व्हेअरने जिथे दगड बसवला ती जागा. त्याचं मोजमाप चुकलेलं असलं तरी तीच. हे इथलं कायद्याचं पक्कं तत्त्व आहे. १८८०च्या दशकातली त्याची वही आता ऑनलाइन बघायला मिळते. आमच्या कोपऱ्याची नोंद होती: वालुकाश्म, १६ बाय १० बाय ५ इंच. खाली शेरा: जमीन उंचसखल, माती तिसऱ्या दर्जाची, सेजब्रश (इथलं माळावरचं झुडूप). तो सर्व्हेअर ६६ फुटी गंटरच्या साखळीने मोजत आला, ८० साखळ्यांचा मैल. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट असतो तो याच साखळीच्या निम्म्याचा. माणमधलं आणि वायोमिंगमधलं माप एकाच साखळीशी जुळतं, हे वडिलांना सांगितलं तेव्हा मात्र ते खूश झाले.

उत्तरेला मैलभरावर पितळी टोपीचा कोपरा सापडला, पूर्वेला मैलावर एक जुना दगड. दोन्हींवर उपकरण लावून आमच्या कोपऱ्याची अंदाजे जागा काढली. ती खांबापासून बरीच वायव्येला येत होती. बाईंना ते अजिबात आवडलं नाही. वारा असा की रोव्हरचा, म्हणजे उपग्रहावरून जागा मोजणाऱ्या यंत्राचा, दांडा सरळ धरायला दोन्ही हात लागत होते. मेटल डिटेक्टरचा दगडाला उपयोग नाही, म्हणून फावडं आणि एक झाडू. सेजब्रशच्या बुंध्यांशी बर्फ झाडत, गोल गोल फिरत राहायचं. वालुकाश्मांची तिथे कमी नव्हती. प्रत्येक दगड ‘मीच तो’ म्हणत होता.

शेवटी एक जरा कललेला, वीतभर वर आलेला, अर्धा दगडफुलाने माखलेला दिसला. मी हातमोजा काढला आणि दक्षिणेकडच्या कडेवरून अंगठा फिरवला. बोट थंडीने बधिर होत होतं, पण खाचा लागल्या. तीन. पूर्वेच्या कडेला दोन. टाउनशिप म्हणजे सहा बाय सहा मैल, ३६ तुकडे, नंबर औत वळवावं तसे एका ओळीत डावीकडे, पुढच्या ओळीत उजवीकडे. दर मैलाला एक खाच: टाउनशिपच्या दक्षिण हद्दीपासून तीन मैल, पूर्व हद्दीपासून दोन, म्हणजे १४, १५, २२ आणि २३ यांचा कोपरा. हाच. साहेबांनी गुडघे टेकून स्वतः मोजलं, मग थर्मासमधली कॉफी काढली. एरवी ते काम संपल्याशिवाय कॉफी काढत नाहीत.

कॉफी ओतत होते तेवढ्यात उत्तरेच्या घळीतून सशाच्या किंकाळ्या ऐकू आल्या. खऱ्या नव्हेत, कायोटीला बोलवायला स्पीकरवर लावतात त्या. साहेबांनी कप खाली ठेवला. कारण कायोटी सरळ आवाजाकडे जात नाही, वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूने वास घेत येतो, आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला आम्ही होतो. आला तसाच. करड्या-पिवळ्या रंगाचा, शेपूट खाली, पळत नव्हता, घाई नसल्यासारखा चालत होता. शंभरेक पावलांवर थबकला, बाईंचा कुत्रा भुंकला, आणि तो १५ नंबरमधून सरळ निघून गेला. साहेब केशरी जाकीट हातात घेऊन ओरडत हलवत होते. घळीतून दोन पांढरे कपडे उभे राहिले. एक बाप, एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा. रायफल मोकळी करून, हात दिसतील असे चालत आमच्याकडे आले.

ठसे त्यांचेच निघाले. बाप जवळच्या रिफायनरीत कामाला. काउंटी रस्ता १४ मधून जातो, तिथे गाडी लावून ते २२ मध्ये जात होते. तो म्हणाला, “आम्ही पाटीच्या खांबाला चिकटून गेलो, म्हणजे तुमच्याकडे पाय पडू नये. मी खांब धरला, याने माझा हात धरला.” बाई म्हणाल्या, “चुकीच्या बाजूने गेलात.” तोवर डेप्युटी आला. साहेबांनी आधी दगड दाखवला, मग खांब. मधलं अंतर ४६ फूट, खांब आग्नेयेला, म्हणजे पूर्ण २३ नंबरमध्ये, बाईंच्याच जमिनीत. खांबाच्या दोन्ही बाजू बाईंच्या. कोणत्याही बाजूने गेले असते तरी अतिक्रमणच झालं असतं.

डेप्युटीने पाटी पाहिली, मग बाईंकडे. वायोमिंगच्या फौजदारी कायद्यात अतिक्रमणाला ‘परवानगी नाही हे माहीत असून’ किंवा ‘ताकीद मिळूनही’ असं लागतं. मालकाच्याच खुणेला मान देऊन गेलेल्या माणसाला काय माहीत होतं म्हणायचं? त्याने वही मिटली. बाईंची जमीन तुडवली गेली होती हे खरंच, पण ज्या कारणाने त्या म्हणत होत्या त्या कारणाने नव्हे.

मला वाटलं होतं आता जरा सैल होतील. शेवटी कायोटी त्यांनाही नकोच आहेत. वसंतात कोकरं जन्मली की रोज सकाळी मोजणी, आणि कायोटी कमी करायला काउंटीच्या मंडळाला त्या दर मेंढीमागे पैसे भरतात. केंद्र सरकारचं खातं दरवर्षी देशभरात ५० हजारांहून जास्त कायोटी मारतं, कधी विमानातूनसुद्धा. मी बोलून गेलो की हे लोक फुकट मारतायत. बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “कायोटी कोकरू नेतो. उघडं राहिलेलं फाटक अख्खा कळप हायवेवर नेतं.” बाप म्हणाला, आम्ही फाटकाला हात लावलेला नाही. बाई म्हणाल्या, “तुम्ही नसेल.” यावर कुणाकडे काही उत्तर नव्हतं. मेंढ्या पाळणाऱ्या गावातून आल्यामुळे मला त्यांचं पटलं आणि त्या मुलाकडे पाहून ते लावून धरणंही जिवावर आलं.

मुलाने मात्र नेमका प्रश्न विचारला. दगडावर पाय ठेवला तर? साहेब हसले. दगड चौघांचा, त्यातले दोन कोपरे बाईंचे, म्हणून नाही. मग तो १४ मध्ये एक पाय ठेवून, बापाच्या खांद्याला धरून, दगडावरून टांग टाकून २२ मध्ये उतरला. डेप्युटीसमोर, बाईंसमोर. बाईंनी विचारलं, दोन खांब लावून मध्ये साखळी बांधली तर? साहेब म्हणाले, “साखळी नको. ते आता तुमच्यावरच उलटेल. पाटी तुमच्या हद्दीत लावा, हवी तेवढी मोठी.”

आम्ही दगड तसाच ठेवून त्याला लागून ॲल्युमिनियमची टोपी बसवली. गोठलेल्या जमिनीत सळई ठोकायला बाकी सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ गेला. वायोमिंगमध्ये असा कोपरा सापडला की त्याची नोंद काउंटी क्लर्ककडे दाखल करावी लागते. साहेबांनी तसं सांगितल्यावर बाईंनी विचारलं, “कुणालाही दिसणार ती?”

“कुणालाही.”

“म्हणजे बिल माझं, आणि दार त्यांचं.”

साहेबांनी मान डोलावली. बाईंनी त्यावर फक्त बिलाचा आकडा विचारला आणि पिकअपच्या बॉनेटवर चेक लिहिला. पुढच्या महिन्यात त्यांचा परत फोन आला. त्यांच्या तुकड्यांचे असे कोपरे बरेच आहेत आणि वडिलांनी खांबही बरेच ठोकले होते. सगळ्यांचं कोटेशन हवं होतं. मी पाठवलं, आणि त्यांनी त्यात घासाघीस केली.