तिहाईतला दम, विनोदातला दम

या पंधरवड्यात गळ्याइतकाच रियाज हाताचाही झाला. गाणं शिकणाऱ्यानं टाळी-खाली (तालात टाळी द्यायच्या आणि हात मोकळा सोडायच्या जागा) धरून पढंत, म्हणजे बोल तोंडानं म्हणणं, करायलाच हवी, हे माझं मत आता पक्कं झालंय.

‘तिटकत गदिगन धा’ हा साधा तीन मात्रांचा तुकडा घ्या. मध्ये न थांबता सलग तीनदा म्हटला की झाली बेदम तिहाई. तिच्या नऊ मात्रा होतात, म्हणून सोळा मात्रांच्या तीनतालात खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, उचलायचा आणि शेवटचा धा समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. इथवर सगळ्यांनाच पाठ असतं. पण आधीचे दोन धा कुठे पडतात? अकराव्या आणि चौदाव्या मात्रेवर, म्हणजे दोन्ही विभागांच्या पोटात. हाताला तिथे काहीच आधार नाही, त्यामुळे सम येईपर्यंत जीव टांगणीला लागतो.

आता हीच तिहाई दमदार करा. मध्ये एकेक मात्रेचा दम, म्हणजे थांबा, दिला की अकरा मात्रा होतात, उचल सातव्या मात्रेपासून. आता पहिला धा थेट खालीवर, दुसरा तेराव्या मात्रेच्या टाळीवर आणि तिसरा समेवर! हातावर म्हणून बघा. दुसऱ्या धापाशीच ऐकणाऱ्याला सम दिसायला लागते.

त्याच पंधरवड्यात पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात एक एकांकिका बघितली. कचेरीतला प्रसंग. कोणीतरी चौकशीला येतं, कारकून फाइलमधून मान वर करतो, थोडं थांबतो, म्हणतो, “साहेब जेवायला गेलेत.” दुसरा माणूस येतो, तेवढंच थांबणं, तेच उत्तर. तिसरा येतो, कारकून तेवढाच थांबतो आणि आतलं दार उघडून खुद्द साहेब सांगतात, “साहेब जेवायला गेलेत.” प्रेक्षागृह फुटलं. पण हसू साहेबांच्या तोंडून शब्द निघायच्या आधीच सुरू झालं होतं, त्या तिसऱ्या दमात. पहिले दोन दम सारखे होते म्हणून जागा लोकांना आधीच कळली होती. तबला शिकणाऱ्या मैत्रिणीला हाच प्रसंग दुसरा दम लांबवून सांगितला, तर ती नुसती हसल्यासारखं करून गप्प झाली. तमाशातल्या बतावणीत, म्हणजे विनोदी संवादात, सोंगाड्याला “मग?” विचारणारा माणूस मला आता ठेका धरणारा वाटतो. त्याचं काम फार मोठं आहे.

तानपुऱ्याबद्दल थोडक्यात. तार जिथे छेडाल, तिथे ज्या स्वयंभू स्वराचा (तारेतून आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वराचा) स्थिरबिंदू, म्हणजे न हलणारी जागा, असेल तो स्वर उमटू नये, असा नियम आहे. भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवलं की तानपुऱ्यात तो तरीही उमटतो, आणि त्याचं कारण घोडीची जवारी, म्हणजे तिचा तारेला हलका स्पर्श करणारा किंचित गोलसर माथा. मी खर्जाची तार लांबीच्या एक पंचमांशावर छेडून ऐकली. सूत (तार आणि घोडीमध्ये सरकवायचा दोरा) काढलं की गंधार विरतो. सूत केसभर सरकवत जागेवर आणलं की तोच गंधार स्वच्छ झळकतो, हार्मोनियमच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (एका अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरा. यमन गाताना आता मी त्याच गंधारावर विसावतो.

पुढे दहा मात्रांचा झपताल. तिथे हीच बेदम तिहाई तिसऱ्या मात्रेच्या टाळीपासून उठते आणि दमदार तर थेट समेपासून. सात मात्रांच्या रूपकात मात्र समच खाली असते, त्यामुळे शेवटचा धा खालीवर येतो. तिथे तो जोरकस वाटावा म्हणून तुम्ही कोणते बोल घेता?