तुम्ही विचारलंत म्हणून: त्या शोधाचं काय झालं?

गणपतीत घरी आले की कुणीतरी विचारतंच, "त्या शोधाचं काय झालं गं?" शोध लागलाच नव्हता. चूक माझ्या तोंडाची.

रुबिडियम या धातूचे दोन समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू), 85 आणि 87, सारखेच पडतात का, हे आम्ही जर्मनीत मोजतो. "ते तर गॅलिलिओनंच सांगितलंय!" ऐकून कान किटले. त्याचे गोळे एका वेळी एकाच जागी होते. आमचा अणू लेसरच्या पल्सनं दोन वाटांवर विभागला जातो आणि पुन्हा जुळतो; कुठल्या वाटेनं गेला, याला उत्तरच नसतं. हाच त्याचा क्वांटमपणा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 2015 साली या वाटा 54 सेंटिमीटर दूर नेल्या होत्या.

तर ती शनिवारची रात्र. दोन समस्थानिकांच्या त्वरणात फरक दिसला, साधारण दहा कोटींत एक भाग. सकाळी गायब. रविवारी रात्री पुन्हा हजर. स्टॅनफर्डच्याच 2020 च्या मोजणीत लाख कोटींत चार-पाच भागांपर्यंत काही सापडलं नव्हतं. एवढा ढळढळीत फरक त्यांच्यापासून लपला नसता, हे मला पाठ होतं. तरी बाबांना फोन केला. "कुणाला सांगू नका हं." बाबांनी फक्त काकाला सांगितलं.

चुंबकीय क्षेत्र तपासलं, आरसा तपासला, तीन आठवडे गेले. निघालं काय? शनिवार-रविवार रात्री इमारतीचा एसी बंद व्हायचा. खोलीचं तापमान बदललं की फायबरमधल्या प्रकाशाचं ध्रुवीकरण (त्याच्या लहरी डोलण्याची दिशा) फिरायचं, अणू थंड करणारे लेसरचे झोत असमान व्हायचे आणि दोन समस्थानिकांचे ढग वेगवेगळ्या तिरक्या वेगानं निघायचे. पूर्व-पश्चिम दिशेत सेकंदाला एक मिलिमीटरचा फरक पुरतो. बाकीचं काम फिरती पृथ्वी करते: असा आडवा वेग असला की तिच्या फिरण्यामुळे पडण्याचं त्वरण जरा वेगळं दिसतं. सगळं सारखंच पडतं, यावर आइनस्टाइनचा गुरुत्वाचा सिद्धांत उभा आहे; वीजबिलाची काटकसर मी त्याच्या खात्यावर मांडली होती.

फेलोशिपच्या अर्जात मी लिहिलं होतं, "क्वांटम आणि गुरुत्वाची सांगड." कसली सांगड, बाई? क्वांटम कणाला पृथ्वीची ओढ जाणवते, हे 1975 मध्ये न्यूट्रॉननं दाखवलंय. गुरुत्व स्वतः क्वांटम आहे का, हे आमचं यंत्र सांगणारच नाही. आणि नुसती बारकाई हवी असेल, तर मायक्रोस्कोप उपग्रहात हेच मोजायला वापरलेली प्लॅटिनम-टायटॅनियमची नळकांडी स्टॅनफर्डच्याही जवळपास हजारपट पुढे आहेत.

पण नळकांडं दोन वाटांनी जात नाही ना! त्यानं फरक पडू नये, असं सिद्धांत म्हणतो. म्हणून तर मोजायचं, असं ती अर्जवाली मला ऐकवते. दिवसा पटतं.

एसी आता बंद होत नाही. तरी सोमवारी डेटा उघडला की आधी शनिवारची रात्र बघते. काकाला सांगू नका.