तुम्ही विचारलेत म्हणून: शाळेत शिकणाऱ्या आईला बाळ सांभाळायला का शिकवायचे?

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी शिकवते. दहावीतील एक मुलगी आई झाली आणि आम्ही तिला पुन्हा वर्गात बसवले, तेव्हापासून पालक, शेजारी, नातेवाईक मला एकच प्रश्न विचारतात: शाळेनेच बाळ सांभाळायला शिकवले, तर बालविवाहाला मान्यता दिल्यासारखे होत नाही का?

माझ्या मते होत नाही. कर्नाटकात बालविवाह कायद्याने मुळातच रद्दबातल ठरतो आणि अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत पॉक्सो कायद्यानुसार (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ते आम्ही कळवले. ती कारवाई तिच्या मार्गाने चालेल, पण तोवर बाळाला दर दोन-तीन तासांनी भूक लागतच राहणार आणि ती भागवणारी मुलगी स्वतः वाढीच्या वयात आहे.

ती परत आली तेव्हा बाळ चार महिन्यांचे होते. ते रडले की आपले दूध पुरत नाही, असे तिला वाटे आणि घरची मंडळी बाळगुटी किंवा मधाचे बोट सुचवत. तिला ओरडा नको होता, माहिती हवी होती. भूक लागली की बाळ आधी तोंड इकडेतिकडे वळवते, मूठ चोखते आणि रडते ते अगदी शेवटी, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा द्यायचे नसते, आणि मध तर वर्षाच्या आत मुळीच नाही, कारण त्यातून तान्ह्या बाळाला जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. गावातील आरोग्य स्वयंसेविका असलेल्या आशाताईंनी शाळेच्या एका रिकाम्या खोलीत बसून तिला हाताने दूध काढून ते स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात कसे ठेवायचे आणि वाटी-चमच्याने कसे पाजायचे, हे दाखवले. काढलेले दूध बाहेर जेमतेम चार तास टिकते, आमच्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी, म्हणून मधल्या सुट्टीत तिची आई बाळाला घेऊन शाळेत येई. लोहाच्या गोळ्यांची आठवणही आम्हीच करून देत असू. बाळाच्या कौतुकात बाळंतिणीच्या गोळ्या घरोघरी विसरल्या जातात.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते मात्र वेगळेच. दवाखान्यातून मिळालेले तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या तपासण्या आणि लसींची नोंद असलेले कार्ड, कन्नडमध्ये असते आणि तिच्या घरात कन्नड वाचता येणारी ती एकटीच, तेही शाळेत शिकली म्हणून. कार्ड ट्रंकेत पडून होते. आम्ही ते वर्गात आणायला सांगितले, तिने ओळ न् ओळ वाचली आणि चौदाव्या आठवड्याची लस राहून गेल्याचे तिच्याच लक्षात आले. तोवर बाळाविषयीचा प्रत्येक निर्णय मोठी माणसे घेत आणि ती फक्त ऐकत असे. त्या गुरुवारी मात्र तिने स्वतः आईला बरोबर घेऊन लसीकरणासाठी उपकेंद्र गाठले. नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेला लसीची तारीख तिने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे.