हात कानाला पुरतो का?

काल दुपारी आबा पलंगावर बसून उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडे नेत होते. खांदा आखडलाय. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं दिवसातून वीस वेळा करायला सांगितलंय. सहाव्या खेपेला हात टाळूवरच अडकला आणि आबा म्हणाले, "शाळंत घालतानाबी हितंच अडला हुता."

तारीख होती १ जून. सकाळपासून त्यांचा फोन वाजत होता. आमच्यात आबा, थोरले चुलते, दोन आत्या आणि आबांच्या वर्गातले झाडून सारे, सगळ्यांचा वाढदिवस १ जूनचा. ज्या घरात असा एकही १ जून नाही, ते घर बहुधा पिढ्यान्‌पिढ्या शहरात राहिलेलं असावं.

१९५९ सालची गोष्ट. जिल्हा परिषदा आल्या १९६२ला, त्यामुळे शाळा अजून लोकल बोर्डाची होती. भरायची देवळात. गुरुजी एकच, सातवी फायनल पास, आणि चार इयत्ता चार खांबांना टेकून बसलेल्या. आजीनं आबांना बखोटीला धरून नेलं.

"जन्म कधीचा?"

"सुगीतला."

"कुठल्या सुगीतला?"

"म्हस व्याली न्हवं का, त्या सुगीतला."

गुरुजींनी पुढं विचारलं नाही. "हात घाल रे कानाला," म्हणाले. हात टाळूपर्यंत जाऊन थांबला. म्हणजे पोरगं सहाचं नाही, पुढच्या वर्षी आणा. आजी हलेना. "घ्या गुरुजी. मी रानात गेले की हिरीपाशी जातंय ते."

यावर गुरुजी काय म्हणाले ते आबांना आठवत नाही. आठवतो तो कोपराला लागलेला खडूचा हात. गुरुजींनी कोपर जरा वर रेटलं, मान जरा कलती केली, आणि बोट कानाच्या पाळीला टेकलं. सहा पूर्ण! शाळेचं वर्ष जूनपासून, म्हणून रजिस्टरात जन्मतारीख पडली १ जून १९५३.

आबांचा शाळा सोडल्याचा दाखला मी पाहिलाय. पिवळा पडलेला, घडीवर विरलेला. टाकानं लिहिलेली तारीख आधी अंकी, मग अक्षरी, 'त्रेपन्न'मधला जोड न असा ठाशीव की शाई कागदापलीकडे उतरलीय. खाली वर्तणूक 'चांगली'. त्याच वर्षी आबांनी गुरुजींच्या सायकलची हवा सोडली होती.

आता या १ जूनचं आबांना दुःखही आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. आबा पाटबंधारे खात्यातून ३१ मे २०११ला घरी आले. त्या दिवशी कचेरीत पाच जणांचा निरोप होता, पाचही जण त्याच तारखेचे, आणि भाषण सगळ्यांत मिळून एकच. "गुरुजींनी माझी दीड वर्साची नोकरी खाल्ली," हे दर वाढदिवसाला होतं. शिरा खाऊन झाला की हमखास. विहिरीचं मात्र ते काढत नाहीत. ती विहीर बिनकठड्याची होती. मी पाहिली आहे.

गुरुजींकडं गावचं पोस्टही होतं. मुंबईच्या गिरण्यांतून मनीऑर्डरी यायच्या, त्या द्यायच्या आणि खालच्या चतकोर चिठोऱ्यावरचा मजकूर वाचून दाखवायचा. आजी सांगायची, लिहिलेलं असायचं दोन ओळी आणि गुरुजी वाचायचे चार. 'पोरांना गोड पापा' हे पदरचं. थोरल्या आजोबांनी उभ्या जन्मात कुणाला गोड पापा म्हटलं असेल यावर तिचा स्वतःचाही विश्वास नव्हता, पण वाचायला ती दोनदा लावायची.

माझ्या वेळी गुरुजी जाऊन बाई आल्या. पाच सप्टेंबरला आमच्याकडे स्वयंशासन दिन असायचा. चौथीत मी आईची साडी नेसून, पोटाशी भला मोठा बोंगा घेऊन, दुसरीच्या वर्गावर गेले. शुद्धलेखन घालायचं ठरवलं होतं. पहिल्या पाच मिनिटांत तिघांना एकीला लागली, एकाची पेन्सिल हरवली, ती दुसऱ्याच्या दप्तरात सापडली म्हणून दुसरा रडायला लागला, आणि एक मुलगी काही कारण नसताना माझ्या पदराचं टोक धरून उभी राहिली ती हलेचना. मी बाईंना शोधायला दारात आले. बाई व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. चपला काढलेल्या, पाय समोरच्या बाकावर, हातात चहा, डोळे मिटलेले. बाईंचे पाय मी पहिल्यांदाच पाहत होते. टाचांना भेगा होत्या. मी हाक न मारता आत गेले आणि शुद्धलेखनाऐवजी कोंबड्याची गोष्ट सांगितली.

तेव्हापासून पाच सप्टेंबरचे ते गुलाब आणि समईवाले शुभेच्छासंदेश मला सहन होत नाहीत. पाठवू नयेत. बाईंना चहा गार होण्याआधी पिऊ द्यावा.

माझी मावसबहीण द्विशिक्षकी शाळेवर आहे. तिला मी १ जूनचं सांगितलं तर हसली. आता पोराचा जन्मदाखला असतो, आधार असतं, कुणाचं कोपर रेटायची सोय राहिली नाही. तिच्याकडं मतदारयादी असते, खिचडी पोरांच्या आधी स्वतः खाऊन वहीत चव नोंदवायची असते. जूनमध्ये पहिलीतलं रडणारं एखादं पोर मांडीवर घेऊन ती एका हातानं मोबाइलवर माहिती भरते. "चवीत काय लिहितेस?" मी विचारलं. म्हणाली, "चांगली. आणखी काय लिहायचं?"

"गुरुजींचा वाढदिवस कधी असायचा हो?" मी आबांना विचारलं.

"एक जूनच आसणार की."

हात परत टाळूवर येऊन थांबला होता. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी पुढं होऊन त्यांचं कोपर हलकंच वर रेटलं.

"आगं ए! मारतीस का काय!"

वीसातले सातच झाले होते. मी आत जाऊन शिऱ्याचा गॅस बारीक केला.