जिरेनियमची जात ओळखताना: पानापासून जीसीपर्यंत

पाच कुंड्या आणि पाचही कुंड्यांवर एकच चिठ्ठी: जिरेनियम. नागपुरातल्या वेगवेगळ्या नर्सऱ्यांतून त्या आणल्या होत्या. त्यांतली तेलासाठी लावण्यासारखी कोणती, एवढंच ठरवायचं होतं.

सुरुवात फुलापासून केली. पेलार्गोनियमच्या वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिन्हींपेक्षा वेगळ्या असतात आणि देठाला जोडूनच मधाची बारीक नळी असते. देठ ब्लेडने आडवा कापला की भिंगातून ती दिसते. बाजारातलं जिरेनियम ते हेच.

मग पान. खोल कातरलेलं, लवदार, चोळल्यावर गुलाबाचा आणि मागून पुदिन्याचा वास आला तर पेलार्गोनियम ग्रॅव्हिओलेन्स या जातीचा गट. रुंद मखमली पान आणि निव्वळ पुदिना असेल तर टोमेंटोसम. लहानसं, कडा चुरगळलेलं, लिंबाच्या वासाचं ते क्रिस्पम. पानावर गडद कडं असलेलं शोभेचं झाड लगेच बाजूला काढलं. दर पानानंतर बोटं साबणाने धुवा. नाही तर पहिल्याचं तेल बोटांवर राहतं आणि पुढची सगळी पानं गुलाबाचीच वाटतात.

नाक गटापर्यंत नेतं, पुढचं तेल सांगतं. प्रत्येक नमुन्याची २५० ग्रॅम ताजी पानं आणि कोवळे शेंडे, ३ लिटरच्या फ्लास्कमध्ये दीड लिटर पाणी, वर क्लेव्हेंजर, म्हणजे वाफेबरोबर आलेलं तेल वेगळं करून मोजणारं काचेचं उपकरण. पानं पोत्यात दाबून आणू नका, तासाभरात आतून तापतात. पहिला थेंब पडल्यापासून ३ तास मोजले. त्याहून जास्त उकळलं की तेलातले फॉर्मेट एस्टर तुटतात, त्यांतून सुटलेल्या सिट्रोनेलॉलचा आकडा फुगतो आणि निकाल झाडाचा न राहता उकळण्याचा होतो.

खरा घोळ वाफ गार करणाऱ्या कंडेन्सरचा. मे महिन्यात इथल्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. पहिल्या खेपेला खोलीभर घमघमाट सुटला, तो सगळा वाया गेलेल्या तेलाचा. मग बादलीत बर्फ टाकून कूलरच्या पंपाने तेच पाणी फिरवलं आणि वास थांबला. ताज्या पाल्यातून तेल निघतं ०.१ ते ०.२ टक्के, म्हणजे २५० ग्रॅमला पाव ते अर्धा मिलिलिटर. काच जराही तेलकट असेल तर थेंब भिंतीलाच चिकटतात आणि उतारा खोटा येतो, म्हणून आधी एसीटोन. तेलात निर्जल सोडियम सल्फेटची चिमूट टाकून पाणी ओढून घेतलं आणि तपकिरी बाटली काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवली.

जीसी-एमएससाठी १० मायक्रोलिटर तेल १ मिलिलिटर हेक्झेनमध्ये. यात जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) तेलातले घटक लांब बारीक नळीतून, म्हणजे कॉलममधून, एकेक करून वेगळे करते आणि एमएस (मास स्पेक्ट्रोमीटर) ते ओळखायला मदत करतो. कॉलम ३० मीटरचा, डीबी-५ जातीचा. ६० अंशांपासून मिनिटाला ३ अंश चढत २४० पर्यंत. यंत्रातल्या स्पेक्ट्रमच्या लायब्ररीने सुचवलेल्या नावावर आंधळा विश्वास नको: नेरॉल आणि जिरॅनिऑल यांचे स्पेक्ट्रम जवळपास सारखेच. म्हणून त्याच प्रोग्रॅमवर अल्केन या साध्या हायड्रोकार्बनांचं मिश्रण चालवून आलेखावरच्या प्रत्येक पीकचा (शिखराचा) रिटेन्शन इंडेक्स काढला, म्हणजे घटक कॉलममधून कधी बाहेर पडतो ते अल्केनच्या तुलनेत सांगणारा आकडा. सिट्रोनेलॉल १२२३ आणि नेरॉल १२२७ या कॉलमवर एकमेकांवर चढतात, म्हणून वॅक्स या वेगळ्या अस्तराच्या कॉलमवर दुसरी धाव घ्यावीच लागते. टक्केवारी एफआयडी (ज्योतीवर चालणारा जीसीचा डिटेक्टर) वरून काढावी, एमएसवरून नाही.

ग्रॅव्हिओलेन्स गटातल्या तीन नमुन्यांचा निकाल दोन पीकनी लावला. १६२२ जवळ १०-एपि-गॅमा-युडेस्मॉल ठळक असेल तर इजिप्शियन-अल्जेरियन धाटणीचं तेल; १४४२ जवळ ग्वाया-६,९-डाईन ठळक असेल तर रियुनियन बेटाचं, म्हणजे बुरबॉन. आमच्याकडे दोन पहिल्या प्रकारचे निघाले, एक बुरबॉन. पहिल्या प्रकारच्या दोघांतला एक 'मच्छर पळवणारं झाड' म्हणून विकलेला होता. त्यात जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, आयसोमेंथोन भरपूर. सिट्रोनेला गवताच्या तेलातला सिट्रोनेलाल (सिट्रोनेलॉल नव्हे) मात्र नावापुरता.

लागवडीसाठी बुरबॉनची कलमं धरली आहेत, तीही गादीवाफ्यावर. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचलं की मुळं कुजतात. सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल यांचं प्रमाण हंगामाप्रमाणे हलतं, त्यामुळे बाटलीवर जातीच्या नावाशेजारी कापणीचा महिना लिहिला आहे, आणि हेच झाड जानेवारीत पुन्हा क्लेव्हेंजरवर चढणार आहे.