खोकी भरायची घाई नको

घर बदलायचं ठरलं की घरात पहिल्यांदा खोकी येतात आणि शोकेस रिकामी व्हायला लागते. खरं तर शिफ्टिंगचा दिवस खोक्यांपायी क्वचितच अडतो. अडतो तो दुसऱ्याच्या हातातल्या कामांमुळे. एसी काढणारा येत नाही, सोसायटी रविवारी सामान न्यायला नकार देते, नव्या घराच्या कमानीखालून टेम्पो जात नाही. म्हणून आधी या सगळ्यांना फोन, खोकी नंतर. इथे डोळ्यासमोर आहे ते मुंबई-पुण्यातलं दोन बेडरूमचं भाड्याचं घर.

तारीख निवडायची मुभा असेल तर महिन्याचा मधला आठवडा आणि कामाचा वार घ्या. एक तारखेच्या आसपास सगळेच हलतात. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत शाळा उघडायच्या आत घर लावायची धांदल असते आणि पाऊसही दारात असतो. दसरा, अक्षय्य तृतीया या दिवशी टेम्पोवाल्याशी घासाघीस करण्यात अर्थ नाही. उलट पितृपक्षात माणसंही मिळतात आणि दरही ऐकतात; ज्यांना चालतं त्यांनी जरूर बघावं. दोन्ही घरांच्या किल्ल्या तीन-चार दिवस एकाच वेळी हातात राहतील असं जमवा. तेवढ्या दिवसांचं दुहेरी भाडं अंगावर येतं, पण रिकाम्या घरात पेस्ट कंट्रोल, पंख्यांची दुरुस्ती आणि मापं होऊन जातात. सामान आल्यावर यातलं काहीच धड होत नाही.

नवा करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे घर भाड्याने देण्याच्या कराराची, नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. हे कागदोपत्री सोपस्कार वाटतात, पण पुढची साखळी यावरच असते: करार हातात नसेल तर बऱ्याच सोसायट्या सामान आत घेण्याचं पत्र देत नाहीत, आणि पत्र नसेल तर वॉचमन गेट उघडत नाही. जुन्या सोसायटीचीही परवानगी लागते, हे हमखास विसरलं जातं. दोन्हीकडे वेळा, लिफ्ट आणि शुल्क विचारून घ्या. आणि मेजरिंग टेप घेऊन एकदा नव्या जागी जाऊनच या: गेटची उंची, लिफ्टचं दार, जिन्याचं वळण, बेडरूमचं दार. सोफा आणि डबल बेडची पाठ यांची मापं मोबाइलमध्ये असू द्या.

पॅकर्सना घर दाखवताना माळे उघडून दाखवा. अंदाज चुकतो तो नेहमी माळ्यावरच्या सामानामुळे, आणि मग ऐनवेळी 'गाडी छोटी पडली' सुरू होतं. एका खोलीच्या संसाराला छोटा हत्ती पुरतो. दोन बेडरूमच्या भरल्या घराला साधारण चौदा फुटी गाडी धरून चाला. लेखी दरात मजले, लिफ्ट, पॅकिंगचं साहित्य, पलंग खोलून परत जोडणं आणि गेटपासून लिफ्टपर्यंतचं अंतर असं सगळं यायला हवं. इतरांपेक्षा फारच कमी दर आला तर हुरळून जाऊ नका. उरलेले पैसे बहुधा सामान गाडीत चढल्यावर मागितले जातात.

आता यंत्रं. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, तेही टाळता येण्यासारखं.

फ्रंट लोड वॉशिंग मशिन नवीन आलं तेव्हा त्याच्या पाठीला लांब बोल्ट होते, बहुतेक मॉडेलना चार. बसवणाऱ्याने ते काढून माहितीपुस्तिकेच्या पिशवीत टाकून दिलेले असतात. ड्रम स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरवर लोंबकळत असतो. बोल्ट न लावता मशिन टेम्पोत चढवलं तर प्रत्येक स्पीडब्रेकरला तो आतून आपटतो. बोल्ट हरवले असतील तर मॉडेल नंबर सांगून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून मागवा, त्याला काही दिवस जातात. खालच्या छोट्या झडपेमागचा फिल्टर उघडून पाणी काढा. मशिन कोरडं दिसत असलं तरी मग-दोन मग निघतंच. नव्या घरी पहिलं काम बोल्ट काढण्याचं. तसंच सुरू केलं तर पिळताना मशिन बाथरूमभर चालत सुटतं.

एसी काढायच्या दिवशी घरात वीज चालू हवी. तंत्रज्ञ आधी एसी कूलिंगवर चालवतो, बाहेरच्या युनिटवरचा बारीक पाइपचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करतो, थोडा वेळ गॅस ओढून घेऊ देतो, मग जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच मेन स्विच पाडतो. अशा रीतीने सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये कोंडला जातो. हे न करता कुणी थेट नट सैल केला आणि फुस्स असा लांबलचक आवाज आला, तर तो तुमचा गॅस गेला. नव्या घरी भरायचं बिल येणारच. पाइपांची तोंडं टेपने बंद करून घ्या, नाहीतर धूळ आणि दमट हवा आत जाते. तिकडे बसवताना पाइपमधली हवा व्हॅक्यूम पंपाने काढायला सांगा.

फ्रिज आदल्या दिवशी रिकामा आणि बंद. मागे कॉम्प्रेसरवर पाण्याचा ट्रे असतो, तो उपसायला विसरलात तर पाणी टेम्पोत गाद्यांवर. फ्रिज उभाच न्या. पोचल्यावर तीन-चार तास थांबून चालू करा. आडवा न्यावाच लागला तर दिवसभर उभा ठेवा, कारण कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं.

गॅसचं काम आठवडाभर आधी सुरू करा. त्याच शहरात एजन्सी बदलायची असेल तर सिलिंडर-रेग्युलेटर जमा करावे लागत नाहीत, कनेक्शन वर्ग होतं. शहर बदललं तर दोन्ही जमा करून टर्मिनेशन व्हाउचर (कनेक्शन बंद केल्याचा कागद) आणि अनामत रक्कम घ्यायची. नव्या घरी पाइपगॅस असेल तर शेगडीचे जेट बदलून घ्या, पाइपगॅसला मोठं भोक लागतं. उलट पाइपगॅसची शेगडी तशीच सिलिंडरला जोडणं धोक्याचं, ज्योत भडकते.

एवढं मार्गी लागलं की मग खोकी. माळा पहिला, स्वयंपाकघर शेवटी. किराणा दुकानातली खोकी फुकट मिळतात, पण त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. नव्या घरात पेस्ट कंट्रोल केलं असेल तर हे फारच महागात पडतं. पुस्तकं लहान खोक्यात, पंधरा किलोच्या आत. ताटल्या आणि काचेच्या बशा आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. दणका बसला की रचलेल्यांतली तळची फुटते. गुंडाळायला जुन्या सुती साड्या आणि चादरी. लोणच्याची बरणी भरलेली हलवू नये, लोणचं प्लास्टिकच्या बरणीत काढा आणि चिनी मातीची बरणी रिकामी न्या. पलंगाचे स्क्रू पिशवीत घालून त्याच पलंगाच्या फळीला चिकटवा. खोक्यावर नाव लिहायचं ते नव्या घरातल्या खोलीचं, आणि वर नाही, दोन बाजूंना. खोकी एकावर एक चढली की वरचं कुणाला दिसत नाही.

दागिने, कागदपत्रं, औषधं आणि देव टेम्पोत जात नाहीत, तुमच्याबरोबर जातात. सोबत एक पेटी पहिल्या रात्रीची: चहा-साखर, पातेलं, गाळणी, लायटर, टेस्टर, स्क्रूड्रायव्हर, एक्स्टेन्शन बोर्ड, कटर, साबण, टॉवेल, आणि खिडकीला बांधायला दोन जुन्या चादरी. पडद्याचे रॉड पहिल्या दिवशी लागत नाहीत. बादली, मग आणि झाडू टेम्पोत सर्वांत शेवटी चढवा, म्हणजे उतरताना पहिले हाताला येतील.

जुनं घर सोडताना वीज मीटरच्या रीडिंगचा आणि प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, अनामत परत घेताना लागतात. मग दाराआडचे हूक, बाल्कनीतली कपड्यांची दोरी, गीझरचा स्विच आणि खालची टपालपेटी बघून किल्ली द्या.